परातीवर गेलेलं जाकीट

चांगला कपडा ओळखायचा कसा, असं मला लोक विचारतात. मी सांगतो, उलटा करून. समोरून सगळेच कपडे चांगले असतात. उलटा केला की शिलाई दिसते, काजाची मागची बाजू दिसते आणि मुख्य म्हणजे दाब दिसतो. दाब म्हणजे शिलाईच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड. तुम्ही पुढेमागे सुटलात तर ते सोडून कपडा मोठा करता येतो. रेडिमेड कपड्यात दाब नसल्यातच जमा असतो, कारण कंपनीला तुमच्याशी पुढचा संबंध ठेवायचा नसतो. शिंप्याला ठेवावा लागतो. तो त्याच गल्लीत राहतो.

माझं दुकान जळगावात, पिंप्राळ्याला. मूळ गाव धरणगाव. वडील शिंपी, आजोबा शिंपी, त्यामुळे मी काय करणार याची घरात चर्चा झाली नाही. दुकानात मी मास्तर. आमच्यात कापड कापतो तो मास्तर आणि शिवतो तो कारागीर. कारागिराची चूक उसवता येते, मास्तरची येत नाही. म्हणून मास्तरला मान जास्त आणि झोप कमी.

संपादकांनी बजावलं आहे की अनुभव लिहा, उपदेश नको. उपदेश वर करून झाला आहे, आता अनुभवाकडे वळतो.

पुरुषाचं माप घेणं हे बाईचं माप घेण्यापेक्षा अवघड काम आहे. टेप दिसली की पुरुष श्वास आत ओढतो आणि तसाच उभा राहतो. पोट आत, छाती बाहेर, नजर समोर. त्या मापाने शर्ट शिवला तर तो फक्त फोटोत बसतो. वडिलांनी मला यावर एक उपाय शिकवला होता. गिऱ्हाइकाला विचारायचं, "भाऊ, कापसाचा भाव काय म्हणतोय?" खानदेशातल्या कुठल्याही माणसाची छाती या प्रश्नावर आपोआप खाली येते. त्या क्षणी टेप आवळायची. नोकरदारालाही हा प्रश्न चालतो, कारण त्याचा भाऊ गावी शेती करत असतो.

काही माणसं माप द्यायला येतच नाहीत, मापाचा शर्ट पाठवतात. जुना, अंगाला बसणारा शर्ट द्यायचा आणि सांगायचं, "याच्या हुबेहूब." खेड्यावरची सोयीची पद्धत आहे. एकदा धरणगावजवळच्या एका गावातून एक आबा मुलाच्या लग्नाचा सूट टाकायला आले. येताना दोरीवरचा शर्ट ओढून आणला होता. मी त्या मापाने सूट शिवला आणि मन लावून शिवला. हळदीच्या आदल्या दिवशी कळलं की दोरी दोन घरांत सामाईक होती आणि शर्ट शेजाऱ्याचा होता. नवरदेव उंच आणि बारीक, शेजारी बुटका आणि गोल. नवरदेवाने बाजारातला रेडिमेड सूट घातला. शिवलेला वाया कशाला घालवायचा म्हणून तो शेजाऱ्याने घातला, आणि नवरीकडच्या दोघातिघांनी त्यालाच हार घातले. तो शेजारी अजून भेटला की सांगतो, सूट तसाच बसतो. माझ्या हातून झालेला हा सर्वांत चांगला बसलेला सूट आहे. नवरदेव मात्र पुन्हा माझ्या दुकानाकडे फिरकला नाही.

मिलिटरी जाकिटांच्या नादी मी लागलो तो लीलाबाईमुळे. लीलाबाई ही आमच्या भागातली भांडेवाली. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी घेऊन दुपारी गल्लीत फिरते आणि जुन्या कपड्यांवर भांडी देते. दोन पँटी, एखादी जरीची साडी आणि पुष्कळ बोलाचाली झाली की एक पातेलं. चांगले कपडे ती जुन्या बाजारात विकते, फाटके गॅरेजवाल्यांना पुसायला जातात. जाकिटांचं मात्र तिला काही करता येईना. पुसायला जाड आणि घालायला गरम. एकदा तिने एक आणून माझ्या टेबलावर टाकलं. म्हणाली, "मास्तर, याचं काही होईल का बघा, नाहीतर बकरीखाली अंथरते."

मी ते उलटं केलं आणि बराच वेळ उलटंच बघत बसलो. जाड सुती कापड, दोन-दोन ओळींची शिलाई, चार खिसे, खांद्यावर पट्ट्या, कमरेत आतून नाडी. पितळेची चेन, तिच्यावर झाकणपट्टी, आणि पट्टीला टिचबटणं, म्हणजे दाबली की टच वाजून बसतात ती. कापड विटलेलं होतं पण एक टाका हललेला नव्हता. ज्याने ते शिवलं त्याला ते पुन्हा दुरुस्तीला यायला नको होतं. हा विचार आमच्या धंद्याच्या विरुद्ध आहे, पण मला तो आवडला.

ते मी धुऊन, एकाच्या अंगाबरोबर करून विकलं. मग दुसरं आलं, तिसरं आलं, आणि जिल्ह्यात बातमी पसरली. जळगावच्या उन्हाळ्यात जाकीट कोण घेतो असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण चैत्रात सुद्धा पोरं येऊन घालून बघतात, घामाघूम होतात आणि घेऊन जातात. त्याला ते विंटेज म्हणतात. पूर्वी आम्ही त्यालाच विटकं म्हणायचो. शब्द थोडासाच बदलला, भाव फार बदलला. ठिपक्याठिपक्यांचं खरं लष्करी कापड मात्र मी दुकानात ठेवत नाही. ते ज्यांचं आहे त्यांनी घालावं.

जाकीट बसतं की नाही हे आरशात कळत नाही. मी गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवतो आणि मोटारसायकल चालवायला लावतो. चांगली नोकरीतली माणसं माझ्या दुकानात स्टुलावर बसून हवेत हँडल धरून बसलेली असतात. हात पुढे गेल्यावर पाठीत ओढलं, की मुंढा चुकला. मुंढा म्हणजे बाही जिथे खांद्याला जोडतात तो घेर. तो बसला की बाकीचं बसवता येतं. आणि आत घेताना मी कात्री लावत नाही, हा माझा नियम. जास्तीचं कापड आतल्या आत दुमडून टाके घालतो. जाकीट माणसापेक्षा जास्त टिकतं, पुढे ते कोणाच्या अंगावर जाईल काय सांगावं.

आता ज्या जाकिटासाठी हे लिहायला बसलो, त्याच्याकडे येतो.

ते लीलाबाईने आणलं तेव्हा दसरा नुकताच झाला होता. मोठं होतं, छाती बेचाळीस. डाव्या खिशावर डिझेलचा जुना डाग होता, तो काही केल्या निघाला नाही. त्याच आठवड्यात धुळ्याहून हर्षल सर आले. हे देवपुरात एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतात. तासिका तत्त्वावर म्हणजे कॉलेज तुम्हाला ओळखतं, पण तासापुरतं. सर अंगाने बारीक, खांदे उतरते. ते कुठलाही कपडा घालोत, हँगरवर टांगल्यासारखाच दिसायचा. त्यांना ते जाकीट डागासकट आवडलं. मी बाह्या काढल्या, खांदा आत घेतला, छाती बेचाळीसची अडतीस केली, बाह्या पुन्हा लावल्या. सर घालून आरशासमोर उभे राहिले आणि खांदे चाचपायला लागले. मला वाटलं बिघडलं. मग म्हणाले, "मास्तर, आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी बसलं."

दिवाळी झाली, थंडी पडायला लागली, आणि एका सकाळी फौजी नाना दुकानात आले.

फौजी नाना माझ्या दुकानापासून दोन गल्ल्या पलीकडे राहत. ते फौजेत कधीच नव्हते. केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. आमच्याकडची केळी दिल्लीला जातात, तशी ती त्यांनी जन्मभर नेली. दिल्लीच्या थंडीत एकदा गारठून आजारी पडले, तेव्हा तिथल्या जुन्या बाजारात हे जाकीट घेतलं, आणि तेव्हापासून थंडीत त्यांच्या अंगावर तेच. निवृत्त होऊन पिंप्राळ्यात राहायला आले तेव्हा लोकांनी जाकीट पाहिलं, ताठ चाल पाहिली आणि फौजी नाना म्हणायला सुरुवात केली. आपण फौजी होतो असं त्यांनी कधी सांगितलं नाही. नव्हतो असंही सांगितलं नाही. सव्वीस जानेवारीला शाळेवाले त्यांना पुढे खुर्ची देत आणि ते जाऊन बसत. मी त्यांचं जाकीट लांबूनच पाहिलेलं, म्हणून लीलाबाईने आणलं तेव्हा ओळखलं नव्हतं.

आल्या आल्या नाना म्हणाले, "मास्तर, मनं जाकीट तुमनाकडे उनं का?"

"कोणतं, नाना?"

"मिलिटरीनं. सूननी भांडावालीले दी टाकं. परातवर." ते बाकावर बसले. "ती म्हनस, चुकीसन गयं. एवढं जाकीट चुकीसन जास का? रुमाल शे का तो?"

लीलाबाईने माझं नाव सांगून टाकलं होतं, त्यामुळे मला लपवण्यासारखं काही नव्हतं. मी सांगितलं, नाना, आलं होतं, धुळ्याला गेलं. नाना म्हणाले, मग धुळ्याहून आणा. मागच्या सबंध हिवाळ्यात ते काविळीने अंथरुणात होते, जाकीट घालायला मिळालं नव्हतं. शाळेचं बोलावणंही तसंच गेलं होतं. आता बरे झाले होते, आणि ट्रंक उघडली तर जाकीट नाही.

पुढचं मला नानांनी नाही, दुकानात बसलेल्या चौघांनी सांगितलं. परात घरात आल्याचं कळल्यापासून नाना सुनेशी बोलत नव्हते. तिच्या हातचं जेवत नव्हते. शेजारच्या सुमनअक्कांकडे जाऊन भाकरी खायचे. आणि जाकीट आलं नाही तर देवपुरात मुलीकडे कायमचं निघून जाईन, असं त्यांनी गल्लीत जाहीर केलं होतं. सासरा शेजारी जेवतो म्हटल्यावर सुनेचं काय राहतं? बायका तिला परातवाली म्हणायला लागल्या. ती नळावर आली की एखादी मुद्दाम म्हणायची, "माझ्या घरी डबा कमी आहे बाई, पण द्यायला म्हातारा नाही."

सुनेचं नाव वंदना. नवरा चटईच्या कारखान्यात पाळीवर, आणि ही घरी साड्यांना फॉल-पिको करायची. रिळं माझ्याकडून न्यायची म्हणून माझी ओळख. कमी बोलणारी, हात स्वच्छ. तिने सासऱ्याचं जाकीट परातीसाठी दिलं, हे मला पटत नव्हतं. पण पटत नसलेल्या पुष्कळ गोष्टी लोक करतात.

मी नानांचं माप घ्यायला टेप काढली. नानांनी हात आडवा केला.

"माप लेवानं काम नही. बेचाळीस शे. दिल्लीपासून बेचाळीस शे. जसं व्हतं तसं करी द्या."

मी त्यांच्याकडे पाहिलं. चेहरा उतरलेला होता, पण काविळीतून उठलेल्या माणसाचा उतरतोच. अंगातला शर्ट खांद्यावर, छातीवर नीट बसलेला होता. खाली पायजमा होता, आणि नाडीला माप नसतं. मला शंका यायला जागा नव्हती. टेप गुंडाळून ठेवली.

धुळ्याला गेलो. देवपुरात सरांचं घर शोधलं. सरांनी दार उघडलं तेव्हा जाकीट अंगातच होतं. मी सगळं सांगितलं. सर म्हणाले, "मास्तर, मी घेतलंय ते. आणि खरं सांगू का, हे घालून जायला लागलो तेव्हापासून मुलं वर्गात शेवटपर्यंत बसतात."

मी म्हटलं, "सर, तुम्हाला असंच दुसरं शिवून देतो, नव्या कापडाचं."

"नवं नको, मास्तर. नव्यात मी नवा दिसतो."

सरांची आई आतून चहा घेऊन आली. तिने सगळं ऐकलेलं होतं. चहा ठेवून म्हणाली, "काढ ते. तिथे म्हातारा माणूस दुसऱ्याच्या घरी जेवतोय, आणि ती पोर काय तोंडाने गल्लीत फिरत असेल?" सरांनी जाकीट काढलं, नीट घडी केली आणि मला दिलं. जाकिटाशिवाय ते पुन्हा पहिल्यासारखे दिसायला लागले. मला वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी वंदना रिळं घ्यायला आली. मी म्हटलं, "वंदनाताई, जाकीट सापडलं. होतं तसं करून रविवारी घरी आणतो." मला वाटलं, तिला आनंद होईल. ती म्हणाली, "होतं तसं? म्हणजे पहिल्याएवढं?" मी अभिमानाने सांगितलं की कात्री लावलेलीच नाही, इंचाचाही फरक पडणार नाही. बाकावर नेहमीचे चौघे बसलेले होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, "बरं झालं," म्हणाली आणि रिळं तिथेच विसरून गेली.

जाड कापडाचा एक गुण असा की ते सुईची भोकं विसरत नाही. मी माझे टाके उसवले आणि जुन्या भोकांवरून पुन्हा शिलाई मारत गेलो. जाकीट दिल्लीच्या बाजारात होतं तसं झालं. स्वतःच्या कामावर मी खूश होतो.

रविवारी त्यांच्या घरी गेलो. नाना आंघोळ करून, भांग पाडून खुर्चीवर बसले होते. सुमनअक्का दारातच उभ्या होत्या, त्यांच्या मागे आणखी दोघी. वंदना स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. तिचा नवरा कामावर गेलेला. मी जाकीट झटकून धरलं, नानांनी मागे हात करून ते अंगात घातलं आणि माझ्याकडे वळले.

खांद्याची शिलाई दंडावर उतरली होती. कॉलर मानेपासून सुटी उभी राहिली. बाह्यांतून नुसती बोटं दिसत होती. नानांनी टिचबटणं एकेक करून लावली, सावकाश, खालपासून वरपर्यंत. लावून झाली तेव्हा आत अजून एक नाना मावले असते.

नानांनी एकदा बाह्यांकडे पाहिलं, एकदा पोटाकडे.

"हाई मनं नही," ते म्हणाले. "मनं माले बरोबर बसे."

माझ्या तोंडावर आलं होतं की नाना, हा डिझेलचा डाग बघा, ही भोकं बघा. पुरावे माझ्याकडे भरपूर होते. पण मी ते पुढे केले नाहीत. जाकीट त्यांचंच आहे हे सिद्ध झालं असतं, तर अंग पहिलं राहिलं नाही हेही त्याच वेळी सिद्ध झालं असतं. काविळीतून आपण पूर्ण बरे झालो, असं समजून हा माणूस इतके महिने ताठ चालत होता.

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक कधी जाड होत नाही, कापड आटतं. गिऱ्हाईक कधी वाळत नाही, कापड सैल पडतं. हे आम्ही रोज सांगतो आणि गिऱ्हाईक रोज मान्य करतं. मी तेच केलं.

"नाना, जुनं कापड आहे. धुऊन धुऊन सैल पडलंय."

नाना ड्रायव्हर होते, जाड कापड त्यांना माहीत होतं. "मास्तर, हाई कापड ढिलं पडस का कधी? ट्रकनी ताडपत्री ढिली पडस का?"

तेवढ्यात सुमनअक्का दारातून म्हणाल्या, "अहो नाना, हाईच ते. डावा खिसावर डाग शे ना, देखा." त्यांना वाटलं, आपण मदत करतोय. नानांनी मान खाली घातली आणि खिशाकडे बघायला लागले. बाहीतून एक बोट त्या डागाकडे निघालं.

"नही, नाना," वंदना उंबऱ्यावरून म्हणाली. ती पुढे आली आणि नाना आणि तो खिसा यांच्यामध्ये उभी राहिली. "हाई तुमनं नही. मास्तरनी दुसरंच आनं. असा डाग कितीक जाकिटले ऱ्हास. तुमनं गयंच. आणि चुकीसन नही गयं. माले परात पाहिजे व्हती, मीच दिधं."

दारातल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. इतके दिवस निदान चुकून गेलं असं तरी म्हणता येत होतं. आता तेही संपलं.

नानांनी तिच्याकडे पाहिलं. मग टिचबटणं काढायला लागले. "आते खरं बोलनी तू," ते म्हणाले. जाकीट गेल्याचं कळल्यापासून त्यांनी तिच्याशी थेट बोललेलं हे पहिलं वाक्य. जाकीट काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. "मास्तर, हाई ज्यानं शे त्याले दी टाका." पुन्हा खुर्चीवर बसले. थोड्या वेळाने विचारलं, "परात तरी चांगली लिधी का?"

"जाड शे, नाना."

"मंग त्यामाच पीठ मळ. भूक लागनी."

ती आत गेली. पीठ मळून ठेवून मला सोडायला फाटकापर्यंत आली, हाताला पीठ तसंच. मी तिला विचारलं, "वंदनाताई, हे काय केलंत?"

तिने मागे वळून घराकडे पाहिलं आणि हळू आवाजात सांगितलं. "नाना काविळीतून उठले तेव्हा अर्धे राहिले होते, भाऊ. डॉक्टर म्हणाले, आता बरे आहेत. त्यांना वाटलं, बरे म्हणजे पहिल्यासारखे. मग मी त्यांचे शर्ट आत घ्यायला लागले. एकदम नाही घेतले. धुतले की एकेक, थोडे थोडे. स्वेटर उसवून पुन्हा विणला. त्यांना कळलं नाही. रोज शर्ट घालून मला म्हणायचे, कसा बसतो पहा."

"आणि जाकीट?"

"ते माझ्या मशीनखाली गेलंच नाही. एक सुई मोडली, दुसरी मोडली. हाताने घ्यायला गेले तर सुई शिरेना. थंडी तोंडावर आलेली. लपवून ठेवलं असतं तर त्यांनी शोधून काढलं असतं. त्या दिवशी लीलाबाई दारात आली."

मी म्हटलं, "माझ्याकडे आणायचं. माझ्याकडे जाड कापडाची सुई आहे, मी एका दुपारी करून दिलं असतं."

"तुम्ही विचारलं असतं, कोणाच्या मापाचं करू. मी सांगितलं असतं, नानांच्या. आणि तुमच्या बाकावर नेहमी चार माणसं बसलेली असतात."

हे खरं होतं. माझ्या दुकानात शिलाईपेक्षा बातम्या जास्त निघतात. आतून नानांनी हाक मारली, "वंदना, मीठ कमी टाक," आणि ती गेली. मला तिचं फार कौतुक वाटलं, आणि ते कुठे बोलून दाखवायची सोय नव्हती.

जाकीट मी पुन्हा उसवलं, पुन्हा अडतीस केलं आणि धुळ्याला सरांना पोचवलं. सव्वीस जानेवारीला नाना स्वेटर घालून शाळेत गेले. शाळेवाल्यांनी पुढची खुर्ची दिली. जाकीट कुठं आहे असं कोणी विचारलं नाही, पोरं फौजी नानाच म्हणाली. नंतरही ते माझ्या दुकानात येऊन बसत. सून कशी आहे असं कोणी विचारलं तर म्हणत, "तशी चांगली शे, भांडासना नाद शे जरा."

परातवाली हे नाव मात्र राहिलं. गल्लीत तिच्यामागे आणि कधीकधी तिच्यासमोर. मी एकदोनदा बाकावरच्या माणसांना सांगण्याच्या बेतात होतो, पण ते चौघे म्हणजे चार दिशा. सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत नानांच्या कानावर गेलं असतं.

यंदा श्रावणात नाना गेले. झोपेतच गेले, शर्ट अंगावर नीट बसलेला होता. बायका भेटायला आल्या तेव्हा एकीने स्वयंपाकघरात परात पाहिली आणि दुसरीला कोपराने खुणावलं. मी ते पाहिलं, वंदनानेही पाहिलं.

तेरावं झाल्यावर ती रिळं घ्यायला आली. बाकावर त्या वेळी कोणी नव्हतं. मी विचारलं, "वंदनाताई, आता तरी सांगू का लोकांना?"

ती रिळांचे रंग बघत होती. म्हणाली, "सांगा." मग एक रीळ बाजूला काढून म्हणाली, "पण गल्लीत नका सांगू, भाऊ. त्यांना फौजीच राहू द्या. लांब कुठं तरी सांगा."

आमच्या गल्लीत दिवाळी अंक कोणी घेत नाही. म्हणून इथे सांगितलं.